होडी माठासारखी वाजवून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पेपरात एक फोटो ठरलेला असतो. होड्या ओळीने मांडलेल्या, बाजूला केशरी लाईफ जॅकेटचा ढीग, आणि खाली 'पावसाळ्यासाठी यंत्रणा सज्ज' टाईपची ओळ. फोटोबद्दल माझी तक्रार नाही. पण मी ३१ वर्षं भोसरीत फायबरचं काम केलंय, पाण्याच्या टाक्या, बसचे डॅशबोर्ड, कूलरच्या बॉड्या, काय वाटेल ते, आणि त्या फोटोतल्या होडीचा चकचकीत रंग दिसला की माझ्या डोक्यात एकच येतं, ही कुणी वाजवून बघितलीय का? उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलो की आपण बोटाच्या पेराने टकटक करून बघतो, ठण्ण आवाज आला तरच पैसे देतो, आणि ज्याच्या जिवावर पुरात माणसं बसवायची ती वस्तू नुसता रंग बघून घेतो. हे मी दुसऱ्या कुणाला म्हणत नाहीये, आमच्याच सोसायटीने हे केलंय, म्हणून तर पत्र लिहितोय.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं, पस्तीस हजार क्युसेकच्या आसपास, आणि आमच्याच भागातल्या नदीकाठच्या एकतानगरीत काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. लष्कराला बोलवावं लागलं, लोकांना बोटीतून काढलं. आमची बिल्डिंग जरा चढावर आहे त्यामुळे पाणी पार्किंगपर्यंतच आलं, पण पहाटे खाली उतरून बघितलं तर टू-व्हीलरची फक्त हँडलं वर दिसत होती. माझ्या आईने १२ जुलै १९६१ बघितलेला, पानशेत फुटलं तेव्हा ती शनिवार पेठेत होती, ती म्हणायची पाणी येतं तेव्हा आवाज आधी येतो. इथे आवाजबिवाज काही नाही, गुपचूप जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर. तर त्यानंतरच्या मीटिंगमध्ये ठरलं की आपली स्वतःची एक होडी पाहिजे, निदान म्हातारी माणसं आणि आजारी माणसं तरी काढता येतील. सोसायटीला होडी म्हटल्यावर नातेवाईक हसले. हसू देत. बोट क्लब रोड हे नाव काय उगाच पडलंय का पुण्यात.

नेमका मी तेव्हा पुतण्याच्या लग्नाला गावी होतो आणि कमिटीतले तिघं जाऊन होडी घेऊन आले. कुठल्याशा धरणावरच्या जलक्रीडावाल्याने जुना माल काढला होता त्यातली, चौदा फुटी, फायबरची, वरून पांढरी खालून निळी, रंग इतका ताजा की बोट लावलं तर चिकटेल असं वाटावं. मी गावाहून आलो, बॅग खांद्यावरच होती, पार्किंगमध्ये गेलो आणि होडीला बाजूने टकटक केलं. टण्. पुढे केलं, टण्. मागे गेलो, जिथे इंजिन लटकवतात ती सपाट भिंत असते, ट्रान्सम म्हणतात तिला, तिथे टकटक केलं तर भद्. ओल्या गोणीवर थापटल्यासारखं. परत केलं, परत भद्. चेअरमन म्हणाले अहो पण रंग बघा ना किती छान केलाय. म्हटलं रंगच बघतोय.

आता हे भद् का होतं ते जरा सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतं फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरचीच, सडायचा प्रश्नच नाही. फायबर सडत नाही हे खरं आहे. पण नुसतं फायबर जाड करत गेलं तर होडी जड आणि महाग होते, म्हणून जिथे ताठपणा लागतो तिथे दोन फायबरच्या सालींच्या मध्ये हलका गाभा घालतात, सँडविचसारखा. डेकमध्ये बाल्साचं लाकूड नाहीतर फोम, आणि मागच्या भिंतीत बहुतेक वेळा प्लायवूड. जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, सगळी गंमत त्यात आहे. पण ही गंमत गाभा दोन्ही सालींना घट्ट चिकटून असेपर्यंतच चालते. गाभा कुजला की उरतात दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये चिखल. वरून काही दिसत नाही हो. आणि त्याच भिंतीवर पन्नास किलोचं इंजिन लटकवून आपण ते पुराच्या धारेत रेस करणार.

पाणी आत जातं कुठून, तर आपणच पाडलेल्या भोकातून. होडी बनवणारा बिचारा नीट बनवतो, मग वापरणारा येतो, त्याला एक शिडी लावायची असते, एक दोर बांधायला कडी लावायची असते, ड्रिल मारलं, स्क्रू पिळला, वरून सिलिकॉनचं बोट फिरवलं, झालं. ते सिलिकॉन दोन उन्हाळ्यात सोलून निघतं. आमच्या होडीला मागे नावाची पाटी लावायला कुणीतरी चार स्क्रू मारले होते. नुसत्या नावासाठी! प्लायचे थर सालीला समांतर असतात त्यामुळे एका भोकातून शिरलेलं पाणी थराथरातून लांबपर्यंत पसरतं, बाल्सा उभ्या रेषांचा बसवलेला असतो म्हणून त्यात तेवढं झपाट्याने आडवं पसरत नाही. आणि आपल्याकडचं पाणी गोडं. खाऱ्या पाण्याने बुरशी जरा तरी आटोक्यात राहते, गोड्या पाण्याने आणि त्यातूनही पावसाच्या पाण्याने लाकडाची पार वाट लागते. कोकणातल्या माणसाला विचारा, तो सांगेल की होडी समुद्रात असताना नाही सडत एवढी अंगणात ताडपत्रीखाली पावसाचं पाणी साचून सडते.

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणे वरून अजून दोन मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांच्या चादरी, मारा. गॅरेजवाला म्हणाला बारीक भोकं पाडा आणि इंजेक्शनने रेझिन (फायबरच्या कामातला तो चिकट, नंतर कडक होणारा रस) भरा, आत जाऊन सगळं दगड होईल. हे इंजेक्शनचं प्रकरण फार लोकप्रिय आहे आणि माझ्या मते नव्वद टक्के वेळा ते स्वतःची समजूत काढणं असतं, कारण ओल्या लाकडात रेझिन शिरतच नाही, तिथे आधीच पाणी बसलेलंय ना. रेझिन मिळेल त्या पोकळीत जाऊन गोळा होतं आणि बाकीची कूज तशीच आत कोंडली जाते. आणि वरून मॅट मारणं म्हणजे सडक्या आंब्याला नवीन पेटी. ओला गाभा बाहेर काढायचा, सगळाच्या सगळा, याला शॉर्टकट नाही.

एप्रिलमध्ये काम काढलं. बाहेरची साल शाबूत ठेवून आतून कापायचं ठरवलं, म्हणजे बाहेरचा आकार जातच नाही आणि दिसायलाही बरं. ग्राईंडरला कटिंग व्हील लावून आतल्या सालीत कडेने दोन इंच सोडून चौकोन कापला, खोली फक्त सालीपुरती, आणि पहार घालून ती साल उचकटली. वास आला. तो मला सांगता येत नाही, आंबलेलं पीठ आणि गटाराजवळची ओली माती एकत्र केली तर जवळपास जाईल. प्लाय काळा पडलेला, तळाशी बोट दाबलं तर चहाच्या रंगाचं पाणी आलं. शेजारचा इंजिनिअर पोरगा पटाशी घेऊन उभा होता, त्याला म्हटलं ती ठेव, घरून चमचा आण. खरंच चमच्याने निघाला तो प्लाय, मधला भाग तर चुरम्यासारखा. जिथे निघेना तिथे पटाशी. थांबायचं कुठे याला एक सोपी खूण आहे, पटाशी मारल्यावर कोरडा पांढुरका कपचा टक्कन उडाला की तिथून पुढचं लाकूड चांगलं, तोपर्यंत काढत राहायचं. आमचं चांगलं लाकूड लागलंच नाही. पाटीच्या चार स्क्रूंपासून ते खालच्या बुचाच्या भोकापर्यंत अख्खी भिंत गेलेली.

इथे एक सांगतो, फायबर कापताना जी धूळ उडते ती साधी नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगला मास्क, गॉगल, आणि काम झाल्यावर गार पाण्याने अंघोळ, गरम पाणी घेतलं तर रंध्रं उघडतात आणि काचेची कुसळं अजून आत जातात असं आमचे जुने मिस्त्री सांगायचे. चेअरमन हाफ शर्टात बघायला आले आणि दोन दिवस खाजवत होते.

मग वाळवणं. यात सगळे घाई करतात. आम्ही तीन आठवडे होडी तशीच उघडी ठेवली, दिवसा ऊन, रात्री टेबल फॅन. ओल आहे की गेली बघायला मीटर मिळतो पण आमचा जुगाड असा, संध्याकाळी आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा आणि सकाळी बघायचं, आतून दव आलं असेल तर अजून ओल आहे. पहिल्या आठवड्यात भरपूर दव यायचं. तिसऱ्या आठवड्यात कागद कोरडा निघाला तेव्हा पुढचं काम हातात घेतलं.

प्लाय आणायला भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. मरीन प्लाय पाहिजे म्हटलं की प्रत्येक जण दाखवतो. काका, वॉटरप्रूफच आहे हा. तुम्ही शिक्का बघा, आयएस म्हणजे भारतीय मानक, ७१० असेल तर मरीन, आयएस ३०३ असेल तर तो घरच्या फर्निचरचा, भले वरच्या ग्रेडचा असेल पण होडीसाठी नाही. ७१० च्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळून बघतात, थर सुटता कामा नयेत. शिक्क्यावर माझा पूर्ण विश्वास नसल्याने एक तुकडा घरी आणून जुन्या पातेल्यात दिवसभर उकळला, गॅसवर, आमच्या हिने स्वयंपाकघरात पाय ठेवणं बंद केलं आणि दोन वेळचं जेवण बाहेरून आलं. थर सुटले नाहीत. पातेलं मात्र गेलं.

भिंतीची जाडी साधारण दीड इंच होती म्हणून १८ मिलिमीटरचे दोन तुकडे. पुठ्ठ्याचा फर्मा कापून आधी तो बसवून बघितला, चार वेळा कातरला, मग प्लायवर आखला. एक गोष्ट लोक हमखास विसरतात, प्लाय पाणी पितो तो कडांनी. त्यामुळे कापल्यावर सगळ्या कडांना पातळ एपॉक्सीचे (हेही एक रेझिनच) दोन-तीन हात द्यायचे, पिईल तेवढं पिऊ द्यायचं, मगच बसवायचा.

आता एपॉक्सी का, पॉलिस्टर का नाही. माझं सगळं आयुष्य पॉलिस्टर रेझिनमध्ये गेलं, ते कडक करायला घालतात त्या कोबाल्ट आणि कॅटलिस्टच्या बाटल्या बघतच म्हातारा झालो (जाता जाता, हे दोन थेट एकमेकांत कधी मिसळू नका, स्फोट होतो, आधी रेझिनमध्ये एक नीट ढवळा मगच दुसरं), त्यामुळे माझा हात आपसूक त्याच डब्याकडे गेला. पण नवीन वस्तू साच्यात बनवणं वेगळं आणि वाळून दगड झालेल्या जुन्या फायबरवर चिकटवणं वेगळं. पॉलिस्टर वाळताना आकसतं आणि जुन्या पृष्ठभागाला तेवढं धरत नाही, एपॉक्सी धरते. महाग आहे, बरीच महाग आहे, पण डागडुजीत चिकटपणाचेच पैसे असतात. आणि ती आपली नेहमीची तुकड्यांची मॅट एपॉक्सीबरोबर वापरू नका, त्या मॅटला धरून ठेवणारी जी खळ असते ती पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळते, एपॉक्सीत विरघळत नाही, मॅट कडकच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. विणलेलं कापड घ्या. हे मला ३१ वर्षांत माहीत नव्हतं, पहिला थर फुगून वर आला तेव्हा कळलं, आणि तो खरवडून काढण्यात एक अख्खा रविवार गेला.

दुसरी फजिती इंजिनिअर पोराची. मे महिन्याची दुपार, त्याने वेळ वाचवायला म्हणून लिटरभर एपॉक्सी एकदम हार्डनर घालून प्लॅस्टिकच्या मगात कालवली आणि फोन आला म्हणून बाजूला गेला. पाच-सात मिनिटांत मगातून धूर. अख्खा मग वितळून खाली बसला, वॉचमन बादली घेऊन धावत आला, मी ओरडलो पाणी टाकू नको, काठीने ढकलून उघड्यावर ने. खोल भांड्यात जास्त माल असला की त्याची उष्णता त्यालाच तापवते आणि मग थांबत नाही. थोडं थोडं कालवायचं, आणि पसरट ताटलीत ओतून ठेवायचं. तेव्हापासून तो मोजून दोनशे ग्रॅम करतो आणि फोन घरी ठेवून येतो.

चिकटवायच्या एपॉक्सीत सिलिकाची पावडर घालून श्रीखंडाएवढी घट्ट केली, चमचा उलटा केला तरी पडू नये, आणि टाईल्सवाले वापरतात त्या दातेरी पत्र्याने दोन्ही बाजूंना पसरली. हवेला जायला प्लायमध्ये बारीक भोकं ठेवलेली, क्लॅम्प आवळले तशी त्यातून एपॉक्सीची शेपटं बाहेर यायला लागली, सगळ्या भोकांतून आली म्हणजे आत पोकळी नाही. क्लॅम्प जीव खाऊन आवळायचे नाहीत, सगळा माल बाहेर निघून जातो आणि सांधा कोरडा पडतो. कोपऱ्यात त्याच श्रीखंडाची गोलाई दिली, काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते.

मग आतली साल परत बांधायची. जुन्या सालीची कड सरळ कापलेली ठेवून तिच्यावर नवीन थर टेकवला तर जोड तिथेच तुटणार, म्हणून कड उतरती घासावी लागते, जाडीच्या बारापट लांब. आमची साल चार मिलिमीटर, म्हणजे साधारण पाच सेंटिमीटरचा उतार. घासून घासून खांदे गेले. थर चढवताना मध्ये एक रात्र पाऊस शिंपडला, वळवाचा, आणि सकाळी एपॉक्सीवर मेणासारखा चिकट पापुद्रा. हा दमटपणात येतोच. पाणी आणि घासणीने धुऊन काढायचा, मग पॉलिश पेपर. न धुता घासलं तर तो आणखी आत चोळला जातो आणि पुढचा थर सुटतो.

शेवटी भोकं, म्हणजे जिथून हे सगळं सुरू झालं. इंजिनचा बोल्ट समजा दहा मिलिमीटरचा, तर भोक सोळाचं पाडायचं, मागून टेप लावायची, घट्ट एपॉक्सीने पूर्ण भरायचं, वाळलं की त्याच्या मधोमध दहाचं ड्रिल मारायचं. आता बोल्टच्या भोवती एपॉक्सीची बांगडी आहे, पाणी आलं तरी लाकडापर्यंत पोचत नाही. सिलिकॉनऐवजी पॉलीयुरेथेनचं सीलंट. अर्ध्या तासाचं काम आहे हो एका भोकाचं. त्या पाटीवाल्याने ते चार वेळा केलं असतं तर दोन तासांत आमचे दोन महिने वाचले असते. नावाची पाटी आम्ही परत लावली नाही, रंगाने लिहिलं.

इंजिन चढवून पोरगा इंजिनाच्या खालच्या पायावर उभा राहिला, सत्तर किलोचा आहे, मी मागच्या भिंतीला सरळ पट्टी लावून बघत होतो. हलली नाही. गेला पावसाळा होडी पार्किंगमध्ये टायरवर, बूच काढून, छपराखाली ठेवली, सुदैवाने काढायची वेळ आली नाही. परवा परत वाजवून बघितली, टण्.

आता मुद्दा. माझा आरोप कुणावर नाही, ज्याने आम्हाला विकली त्याने मुद्दाम फसवलं असंही मी म्हणत नाही, त्यालाही बहुधा माहीत नसेल, त्याने आपला रंग मारला. पण नदीकाठच्या सोसायट्या, गणेश मंडळं, धरणावरचे बोटिंगवाले, ज्यांच्याकडे जुनी फायबरची होडी आहे त्यांनी मे महिन्यात एकदा प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर उलटा धरून सगळीकडून टकटक करावं, विशेषतः मागची भिंत, स्क्रूच्या आसपास आणि उभं राहायच्या जागी. भद् आवाज आला तर खडूने गोल करावा. चालताना पायाखाली डेक दबत असेल, बोल्टच्या कडेने तपकिरी ओघळ येत असतील, तर वाजवायचीही गरज नाही. आणि जिथे सरकारी तपासणी होते तिथे कागदावर लाईफ जॅकेट किती, टायर किती याच्या खाली एक रकाना वाढवावा, वाजवून बघितली का, आणि बघणाऱ्याची सही. खर्च शून्य. भद् निघालेली प्रत्येक होडी भंगारात घालायलाही नको, साठच्या दशकातल्या फायबरच्या होड्या जगात अजून तरंगतायत, गाभा बदलला की झालं, फक्त तो बदलेपर्यंत तिच्यात माणूस बसवू नका.

पत्र लांबलं, कात्री लावा हवी तर, पण भोकांचा परिच्छेद ठेवा. आणि छापायचं असेल तर मे संपायच्या आत छापा, एकदा हवेत ओल आली की पुढचे चार महिने हे काम धड होत नाही.

आपला,
फायबरच्या कामातून रिटायर झालेला एक वाचक,
सिंहगड रोड, पुणे